कमांड लाइन टूलची हेल्प लिहिताना या चुका टाळा

कोल्हापुरात आता पोरं कॉलेजात असतानाच पायथॉनमध्ये कमांड लाइन टूल, म्हणजे कमांड टाइप करून चालवायचे प्रोग्रॅम, पाडतात. चांगलंच आहे. दाखवायला आणतात तेव्हा मी आधी --हेल्प (टूल कसं वापरायचं ते दाखवणारा पर्याय) टाकतो आणि निम्म्या वेळा तिथंच बोंब असते. ‘सर, आर्गपार्स हेल्प आपोआप देतंय की,’ हे उत्तर ठरलेलं. आर्गपार्स, म्हणजे कमांडसोबत टाकलेले पर्याय वाचणारी पायथॉनची लायब्ररी, पर्यायांची नावं मांडून देतं. त्या नावांचा अर्थ तुम्हालाच लिहावा लागतो.

नावच परत सांगणं. ‘--क्लीन : क्लीन करतो.’ असली ओळ दिसली की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आहे. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची फाइल) उचलून डेटाबेसमध्ये भरणारं छोटं टूल होतं. ऐन गळीत हंगामात, रात्रपाळीला डिस्क भरली. ऑपरेटरनं हेल्प उघडली, --क्लीन दिसलं, टेंपररी फाइल जातील म्हणून चालवलं. स्क्रीनवर ‘डन’ आलं. गेल्या होत्या त्या दिवसभराच्या काटा पावत्या. सकाळी पावती हातात घेऊन ऊसवाले ऑफिसच्या दारात उभे, आणि कॉम्प्युटर म्हणतोय ही गाडी आलीच नाही. ऑफिसकडच्या प्रती बांधलेल्या गठ्ठ्यांतून काढून सगळं परत टाइप करावं लागलं. टूल लिहिणाऱ्याचं म्हणणं काय, तर ‘त्यानं आधी विचारायला पाहिजे होतं.’ अरे भावा, त्यानं विचारलंच होतं. --हेल्प टाकणं म्हणजे दुसरं काय असतं?

तिथं मी असं लिहिलं असतं: ‘आजच्या सगळ्या काटा पावत्या डेटाबेसमधून कायमच्या पुसतो. परत आणता येत नाहीत.’ काय जाणार, कुठून जाणार, परत येणार का, एवढं पुरतं. पर्यायाचं नावसुद्धा --डिलीट-टुडे ठेवलं असतं, आणि सोबत नुसतं काय होईल ते दाखवणारा --ड्राय-रन. पुसणाऱ्या पर्यायाला एका अक्षराचं आखूड रूप मी कधीच देत नाही. टायपिंग वाचवायची घाई असणाऱ्यांनी ती दुसरीकडं करावी.

चूक झाली की अख्खी हेल्प ओतणं. वापरणाऱ्याचं एक अक्षर चुकतं आणि टूल दीडशे ओळी फेकतं. खरी चूक पहिल्याच ओळीत असते, ती वर सरकून गायब. बिंदू चौकात कुणाला अंबाबाईच्या देवळाचा रस्ता विचारला तर तो शहराचा नकाशा वाचून दाखवत नाही, ‘सरळ जावा’ म्हणतो. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) बघा: त्याच्या कमिट या कमांडचं स्पेलिंग चुकलं तर ही गिटची कमांड नाही म्हणून सांगतं आणि जवळचं नाव सुचवतं. पायथॉनमध्ये डिफलिब (मिळतेजुळते शब्द शोधून देणारी लायब्ररी) वापरून हे थोडक्या ओळींत होतं. चूक काय, बहुतेक काय हवं होतं, जास्त माहितीसाठी --हेल्प, बास. मागितलेली हेल्पसुद्धा आटोपशीर हवी. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या टूलला दोनशेच्या वर पर्याय आहेत, पण २०२० पासून नुसत्या --हेल्पला ते मोजकेच दाखवतं. सगळे बघायचे तर --हेल्प ऑल.

एक्झिट कोड, म्हणजे टूल संपताना सिस्टिमला देतं तो आकडा; ० म्हणजे सगळं ठीक. मागितलेली हेल्प स्टँडर्ड आउटपुटवर (नेहमीच्या उत्तराची वाट), कोड ०. चुकीचा वापर असेल तर मेसेज स्टँडर्ड एररवर (चुकांची वेगळी वाट) आणि कोड शून्य सोडून दुसरा; आर्गपार्स २ देतं. हे उलटं केलं की हेल्प पाइपमधून (एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारी जोडणी) ग्रेपला, म्हणजे मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडला, जातच नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘बॅकअप घे && जुनं पुस’ (&& म्हणजे आधीचं जमलं तरच पुढचं कर) अशा ओळीत बॅकअप न होताच जुनं पुसलं जातं.

उदाहरण नसणं. मी टूलच्या आधी उदाहरणं लिहितो आणि हेल्पमध्ये ती सगळ्यात वर ठेवतो. फू-बार असली पोकळ नावं नको, खऱ्यासारखं फाइलचं नाव द्या.

डिफॉल्ट, म्हणजे पर्याय दिला नाही तर टूल काय धरतं ते, न सांगणं. आर्गपार्स ते आपणहून दाखवत नाही.

हेल्पसाठी नुसत्या -एच वर भागवणं. फाइलींची यादी नि डिस्कची जागा दाखवणाऱ्या एलएस, डीएफ, डीयू या कमांडमध्ये -एच म्हणजे आकार केबी-एमबीत दाखव. लांब --हेल्प द्याच.

टक्क्याचं चिन्ह. आर्गपार्समध्ये पर्यायाच्या वर्णनात ‘१०% कपात’ लिहिलं तर हेल्पच कोसळते. %% लिहा. हेल्प एकदाही न चालवता टूल देणारेच यात सापडतात.

मराठी हेल्प आणि वाकडे रकाने. ऑपरेटरसाठी मराठीत लिहा, माझा आग्रहच आहे. पण रकाने जुळवताना आर्गपार्स लांबी युनिकोडच्या चिन्हांवरून मोजतं, आणि त्यात वेलांटीसुद्धा वेगळं चिन्ह धरलं जातं. ‘किती’ त्याच्या हिशेबी चार, स्क्रीनवर दोनच अक्षरं. म्हणून मी पर्याय एका ओळीवर आणि वर्णन खालच्या ओळीवर, थोडी जागा सोडून लिहितो; जुळवायचा प्रश्नच उरत नाही. ज्या मशीनवर टूल चालणार त्याच मशीनवर हेल्प उघडून बघा. देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर तिथं साधं इंग्रजी ठेवा आणि मराठीची छापील प्रत टेबलावर चिकटवा.