घर बांधताय? भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी ठरवा

स्लॅब पडला रे पडला की लोक मोबाईलमध्ये फोटो घेऊन दुकानात येतात, हॉलला हा असाच ग्रे पाहिजे. आमचं साताऱ्यात पेंटचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं, त्यामुळे हा सीन मला पाठ आहे. मी विचारतो फरशी कुठली बसवणार, तर ती अजून बघायचीये. ओट्याचा ग्रॅनाईट? बघू. दरवाजे सागवानी की फ्लश डोअरला सनमायका? ते सुतार सांगेल. म्हणजे काहीच ठरलेलं नाही आणि भिंतीचा रंग तेवढा फायनल!

हे बरोबर उलटं पाहिजे. आमच्या रंग मिसळायच्या मशिनवर हजारो शेड निघतात, पाहिजे तेवढी फिकी करा, पाहिजे तेवढी गडद करा. फरशीचं तसं नाही, शोरूममध्ये जी असेल त्यातलीच घ्यावी लागते, आणि एकदा बसली की वीस-पंचवीस वर्षं कोणी उखडत नाही. रंग पाच-सात वर्षांनी तसाही परत मारावाच लागतो. तर जे बदलता येत नाही ते आधी ठरवायचं आणि जे सहज बदलतं ते मागून. आधी फरशी, मग ओटा, मग दरवाजे-चौकटी, मग सोफा आणि पडद्याचं कापड, आणि हे सगळं समोर ठेवून मग शेडकार्ड उघडायचं.

मागे एक जोडपं आलेलं, फोटोतला ग्रे एकदम मस्त होता पण तो घेतलेला पांढऱ्या फरशीच्या फ्लॅटमध्ये. ह्यांची फरशी क्रीम, त्यात पिवळट छटा. मी म्हटलं दादा, जाऊन एक तुकडा घेऊन या. आणला, काउंटरवर ठेवला, त्याच्या शेजारी ग्रेची पट्टी धरली तर वहिनी पटकन म्हणाल्या, "अहो, हा तर जांभळा दिसतोय!" फोटोतला रंग फसवा नव्हता, पिवळ्याच्या शेजारी ठेवला की थंड ग्रे निळा-जांभळा दिसणारच. मग तिथंच उबेकडे झुकणारा ग्रे काढला, ज्यात थोडा मातकट अंश आहे, आणि तो जमला. सांगायचं एवढंच की दुकानात येताना फोटो आणलात तरी चालेल पण फरशीचा तुकडा, सनमायकाचं सँपल आणि पडद्याची चिंधी विसरू नका.

फरशी घेताना एक बघा, बॉक्सवर शेड नंबर आणि बॅच छापलेली असते, सगळे बॉक्स एकाच बॅचचे पाहिजेत, नाहीतर हॉलच्या मधोमध रंगाची शिवण दिसते. आणि पाच ते दहा टक्के जास्त घ्या, उरलेल्या फरश्या माळ्यावर टाकून ठेवा, पुढे एखादी फुटली तर तीच डिझाईन बाजारात मिळेल ह्याचा काही भरवसा नाही. सगळीकडे व्हिट्रिफाईड टाइल्सच पाहिजेत असंही काही नाही. मागच्या पडवीला, जिन्याला, पार्किंगला कोटा किंवा शहाबादी दगडाची फरशी घातलीत तर स्वस्तही पडतं आणि त्या हिरवट-राखाडी रंगाशी जवळजवळ कुठलीही भिंत जुळते. जुन्या घरांतला लाल कोबा अजून करणारे गवंडी कुठेकुठे आहेत, मिळाला तर देवघरासमोरच्या तुकड्याला करून घ्या, वर्षं जातील तशी चकाकी वाढते त्याला.

रंग मागून ठरवायचा असला तरी सजावटीचा विचार मात्र स्लॅबच्या आधीच करायला लागतो, हे कोणी सांगत नाही. झोपाळा पाहिजे? मग त्याच्या कड्या स्लॅब भरायच्या आधी सळईला बांधून घ्यायला लागतात, नंतर ड्रिल मारून ठोकलेल्या हुकवर आजोबा आणि दोन नातवंडं एकदम बसायची म्हणजे धोकाच. गणपती कुठे बसणार हे विचारा, आणि आईला विचारा, आर्किटेक्टला नाही. जिथे मखर येणार तिथे खाली एक आणि वर एक असे दोन प्लगपॉईंट काढून घ्या, नाहीतर दरवर्षी एक्सटेन्शन बोर्डाची वायर सेलोटेपने भिंतीला चिकटवायची आणि विसर्जनानंतर ती काढताना सोबत रंगाचा पापुद्रा काढायचा. गौरी उभ्या राहत असतील तर जागा आणखी लागते. देवघराचा कोनाडा भिंतीतच ठेवणार असाल तर समईच्या काजळीचा विचार करा, आतून फरशी किंवा दगड लावा, पेंट नको.

स्विचबोर्डचंही तसंच. वायरमन आपल्या सोयीने भिंतीच्या मधोमध बोर्ड काढतो आणि मग नेमकी तीच भिंत मोठ्या फोटोसाठी लागणार असते. गिलावा व्हायच्या आधी एक दिवस साईटवर जा, खडूने भिंतीवर सोफा, टीव्ही, कपाट, पलंग खऱ्या मापाने आखा आणि मग पॉईंट काढायला सांगा. पडद्यांची तयार मापं साधारण ५, ७ आणि ९ फूट अशी मिळतात, तेव्हा रॉड कुठे येणार हे त्या हिशोबाने धरलंत तर पडदे शिवून घ्यायचा खर्च वाचतो. रॉड खिडकीच्या वर चार-सहा इंच आणि दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण फूट बाहेर काढा, पडदा उघडला की पूर्ण खिडकी मोकळी होते आणि खोली मोठी वाटते.

आता उजेड. नेटवर वाचून लोक येतात की उत्तरेच्या खोलीत कधीच ऊन येत नाही, तिथे ऊबदारच रंग पाहिजे. ते थंड देशांसाठी ठीक आहे. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे ढग नसतील तर उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागतं. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत लांबवर येतं. खरी कसोटी पश्चिमेची. संध्याकाळचं तांबूस ऊन ज्या खोलीत येतं तिथे पीच, केशरी, पिवळा असले रंग भडकतात, बघवत नाहीत. तिथे हिरवट, निळसर-राखाडी किंवा थंड पांढरा चांगला. ज्या खोलीला शेजारच्या इमारतीची सावली आहे तिथे मात्र फिका पिवळा, क्रीम, मातकट गुलाबी घ्या.

आणि लाईट! भिंत दिवसा वेगळी आणि रात्री वेगळी का दिसते तर बल्ब. खोक्यावर के, म्हणजे केल्विन, हे उजेडाच्या रंगाचं माप लिहिलेलं असतं, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे तो निळसर पांढरा. आपल्याकडे सवयीने सगळ्या घरात ६५०० लावतात आणि मग म्हणतात क्रीम रंग मळका दिसतोय. बेडरूम आणि हॉलला ३०००, ओट्यावर आणि मुलांच्या टेबलावर ४०००, एवढं केलं तरी पुरे. बल्ब आधी ठरवा आणि त्याच बल्बखाली सँपल बघा. सँपल म्हणजे छोटा डबा आणायचा आणि दोन बाय दोन फुटांच्या प्लायवर किंवा जाड पुठ्ठ्यावर प्रायमर मारून वर रंगाचे दोन हात (थर) द्यायचे, ती पाटी सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघायची. थेट भिंतीवर चार चार शेडचे चट्टे मारू नका, एक दुसऱ्याला बिघडवतो. आणि चारही भिंतींना लागला की रंग पट्टीपेक्षा गडद वाटतो, म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घेतलेली बरी. काही शेडकार्डवर एलआरव्ही म्हणून आकडा असतो, शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पांढरा, तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचं माप. अंधाऱ्या खोलीला ७० च्या वरचाच घ्या.

गडद भिंतीची फॅशन आलीये, एक भिंत मरून नाहीतर मोरपंखी. हरकत काही नाही पण खर्चाचं गणित समजून घ्या. फिक्या शेड ज्या बेसमध्ये (म्हणजे ज्या मूळ रंगात मशिन छटा मिसळतं) बनतात त्यात पांढरं पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्य, भरपूर असतं, त्यामुळे खालची भिंत लगेच झाकते. गडद लाल-पिवळ्याचा बेस जवळजवळ पारदर्शक असतो, सगळं काम मशिनने मिसळलेल्या कलरंटवर, म्हणून दोन हातांत भागत नाही, तीन कधी चार हात जातात आणि तो डबाही महाग. त्यातला उपाय म्हणजे आधी त्याच रंगाकडे झुकणारा प्रायमर करून घेणे. आणि मशिनवर बनवलेला डबा कुठलंच दुकान परत घेत नाही, त्यामुळे आधी मोजा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, चार भिंतींचे ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा करून ४०० धरा. चांगला इमल्शन (भिंतीचा पाण्यातला रंग) एका लिटरला दोन हातांचे साधारण ६० चौरस फूट जातो, म्हणजे पावणेसात लिटर, सिलिंगला दोन लिटर वेगळा. पेंटर दहा सांगत असेल तर का ते विचारायचं.

पण रंगाचं निम्मं यश खालच्या कामात आहे. गिलाव्याला आठ-दहा दिवस पाणी मारायचं आणि नंतर किमान महिनाभर सुकू द्यायचा, पावसाळ्यात आणखी जास्त. ओली भिंत रंगवली की खार बाहेर येतो, फोड येतात, आणि शिव्या पेंट कंपनीला. सोपी टेस्ट आहे, फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला रात्रभर चिकटवा, सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. अडचण येते मुहूर्ताची. गुरुजींनी वास्तुशांतीची तारीख दिलेली असते, पत्रिका छापलेल्या असतात, आणि गिलावा अजून ओला. अशा वेळी व्हाईट सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात मारून थांबा, ती ओलसर भिंतीलाच लावतात. पांढऱ्या भिंतीवर झेंडूच्या माळा आणि आंब्याचं तोरण काही वाईट दिसत नाही. रंग सावकाश नंतर.

पुट्टी घासून झाली की पेंटरला म्हणा बल्ब भिंतीला चिकटवून तिरका धर. समोरून सपाट वाटणारी भिंत अशा उजेडात लाटा-लाटांची निघते. तिथेच पेन्सिलीने गोल करा, परत पुट्टी भरायला लावा, मग प्रायमर, मग रंग. भिंत तितकी चांगली नसेल तर शीनचा, म्हणजे चमकदार रंगाचा, नाद सोडा, चमक असली की प्रत्येक खड्डा दिसतो, मॅट सगळं पोटात घेतो. फक्त मॅट पुसला तर डाग पडतो, म्हणून लहान मुलांच्या खोलीत आणि जिन्याच्या भिंतीला खाली धुता येणारा शीन घ्या. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर आणि हळद, तिथे ओट्यामागे टाइल्स आणि टाइल्सच्या सांध्यात भरायला राखाडी इपॉक्सी, पांढरा सांधा सहा महिन्यांत पिवळा होतो.

बाहेरच्या बाजूला पाऊस ठरवतो. नैऋत्येचा वारा, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेची भिंत सगळ्यात जास्त झोडपली जाते, तिथे चज्जे मोठे करा आणि भिंतीला बुरशी धरणार नाही असा एक्स्टिरिअर पेंट. काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरका. भडक गुलाबी-जांभळे रंग उन्हाने उडतात, पण गेरू, पिवळी माती, मातकट तपकिरी ह्या छटा ऑक्साईडच्या पिगमेंटच्या असतात, त्या टिकतात. कोकणात जांभ्याचा चिरा उघडा ठेवून फक्त चौकटींना पांढरा पट्टा देतात, माझ्या मते त्याच्यावर कुठलाही टेक्स्चर पेंट चढवणं म्हणजे पैसे देऊन घर बिघडवणं.

घरात म्हातारी माणसं असतील तर एक गोष्ट फॅशनच्या वर ठेवा. पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरा कमोड असं सगळं एकच केलं की कमी दिसणाऱ्या माणसाला कडा कळत नाहीत. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या टोकाला गडद पट्टी, बाथरूमच्या आधाराचा दांडा भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा, उंबरठा फरशीपेक्षा वेगळा.

सजावटीचं सामान घाईने घेऊ नका, राहायला गेल्यावर रिकाम्या भिंती स्वतःच सांगतात काय पाहिजे. सगळं एकदम ऑनलाईन मागवलं की घर हॉटेलच्या लॉबीसारखं दिसतं. आजीची जीर्ण पैठणी असेल तर नुसता पदर फ्रेम करा, काच लावून, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर. घोंगडी सोफ्यावर टाका, सावंतवाडीची लाकडी फळं एका परडीत. वारली पाहिजे असेल तर प्लास्टिकचा स्टिकर नको, एक भिंत गेरूच्या रंगाची करा आणि त्यावर पांढऱ्याने काढून घ्या, मूळ पद्धत तीच, सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची. पालघर-डहाणूकडचे आदिवासी कलाकार घरी येऊन काढून देतात, पैसे त्यांना मिळू देत. आणि गेलेल्या माणसांचे हार घातलेले फोटो हॉलमध्ये नकोत म्हणून घरोघरी वाद होतात, त्यात मी पडत नाही, फक्त एकसारख्या फ्रेम करून एका ओळीत लावा, दोन्ही पार्ट्या खूश होतात.

शेवटचं काम, जे कोणीच करत नाही. रंग झाला की प्रत्येक खोलीचा शेड कोड, कंपनी, बेस, फिनिश आणि तारीख कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा. लिटरभर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वर्षभराने सायकलचं हँडल घासून भिंत खरवडली जाते आणि लोक दुकानात येऊन म्हणतात तो मागच्या वेळचा क्रीम द्या. आमच्या मशिनमध्ये क्रीमच कितीतरी आहेत हो.