अॅलर्जी, फ्लू की साधी सर्दी? पुण्यात नाक गळायला लागलं की काय करायचं

गणपतीच्या आसपास पुण्यात घरटी एकाचं तरी नाक गळत असतं आणि सगळे "व्हायरल चालू आहे" म्हणून मोकळे होतात. पण त्यात काहींना व्हायरल नसतंच, अॅलर्जी असते, आणि काहींना दोन्ही एकदम असतं, सगळ्यात जास्त हाल याच लोकांचे होतात.

आधी ओळखायचं कसं ते बघू. अॅलर्जीत ताप येत नाही. नाक, डोळे, टाळू खाजतात, शिंका एकामागून एक येतात, नाकातून पाण्यासारखं गळतं, आणि जागा बदलली की फरक पडतो, म्हणजे माळा साफ करताना वाढलं आणि गावाला गेल्यावर थांबलं असं. फ्लू एकदम येतो, सकाळी धडधाकट ऑफिसला गेलेला माणूस संध्याकाळी अंथरुणात, थंडी वाजून ताप, अंग मोडून येतं, कोरडा खोकला. साधी सर्दी हळूहळू चढते, आधी घसा खवखवतो मग नाक. शेंबूड हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक आणू नका, नुसत्या रंगावरून काही ठरत नाही आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही.

आता यांचा एकमेकांशी संबंध काय? अॅलर्जीवाल्याच्या नाकाचं अस्तर आधीच सुजलेलं असतं, जंतू बाहेर ढकलणारे आतले सूक्ष्म केस नीट काम करत नाहीत, सायनसची तोंडं बंद होऊन आत द्रव साठतो. अशा नाकात विषाणू शिरला की साधी सर्दीही लांबते, सायनसचं दुखणं मागे लागतं. दमा असेल तर अजून वाईट, कारण विषाणू हेच अटॅक यायचं एक मोठं कारण आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की अॅलर्जी रोज आटोक्यात ठेवणं हीच फ्लूच्या दिवसांची अर्धी तयारी.

पुण्यात त्रास देणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पावसानंतर रिकाम्या प्लॉटवर माजलेलं गाजर गवत, जे १९५० च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं, भिंतींना आलेली ओल आणि बुरशी, गाद्यांमधली धूळ, डक्टमधली कबुतरं, बांधकामाची धूळ. गवत फुलायच्या आत उपटा, तेही हातमोजे घालून, त्याने अंगालाही खाज सुटते. ज्याला त्रास आहे त्याने उपटूच नये. घरात उदबत्ती, मच्छर कॉइल बंद करा, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवा.

डॉक्टरांनी नाकाचा स्टिरॉइड स्प्रे दिला असेल तर तो नीट मारा, बहुतेकजण इथेच चुकतात. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. बाटली हलवायची. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप मधल्या पडद्यापासून लांब, कानाच्या दिशेला जातं. श्वास हळू घ्यायचा, जोरात ओढलं की सगळं औषध घशात जातं आणि नुसती कडू चव लागते. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं आणि मग लोक घाबरून स्प्रेच सोडतात. दोन दिवसात फरक नाही म्हणून थांबवू नका, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे जातात. याउलट चोंदलेलं नाक झटक्यात मोकळं करणारे ड्रॉप चार-पाच दिवसांच्या वर घालू नका, नाक उलट जास्त चोंदायला लागतं. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं तर पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट नको.

फ्लू झालाच तर चालू इनहेलर किंवा स्प्रे स्वतःच्या मनाने बंद करू नका. दमा, डायबेटीस, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय किंवा लहान मूल असेल तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरकडे जा, कारण फ्लूचं औषध ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो. मुलांना तापासाठी अॅस्पिरिन अजिबात नको. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी परत चढणं, यातलं काहीही दिसलं तर घरी काढे करत बसू नका, हॉस्पिटल गाठा. २००९ च्या ऑगस्टमधे देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, आणि त्याचा एच१एन१ हा विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमधे फिरतोच आहे.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. अंड्याची अॅलर्जी आहे म्हणून टाळायचं कारण आता उरलेलं नाही, डॉक्टरांना फक्त सांगून ठेवा, आधीच्या फ्लूच्या लशीनेच जोरदार रिअॅक्शन आली असेल तर गोष्ट वेगळी. लस लागू पडायला साधारण दोन आठवडे लागतात म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी. त्या दिवशी चांगला ताप असेल तर उतरू द्या, नुसतं अॅलर्जीने नाक गळत असेल तर थांबायची गरज नाही.