ऑनलाइन पदव्युत्तर पदवीवर पीएचडीला प्रवेश: काय तपासावे, कशाची तयारी करावी

नोकरी सांभाळून पूर्ण केलेली ऑनलाइन एम.ए. किंवा एम.कॉम. पीएचडीसाठी चालते का, या प्रश्नाचे भारतापुरते कायदेशीर उत्तर सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणविषयक विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे केवळ ‘ऑनलाइन’ या शब्दापायी अर्ज बाद होईल ही भीती बाळगू नये. मात्र अर्ज पात्र ठरणे वेगळे आणि मार्गदर्शकाने आपल्याला घेणे वेगळे. अडचण बहुधा या दुसऱ्या टप्प्यावर येते.

तरीही सुरुवात मान्यतेपासूनच करावी. विद्यापीठ नामांकित असले म्हणून त्याचा प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम मान्य असतोच असे नाही. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर आपले विद्यापीठ, आपला विषय आणि आपण प्रवेश घेतला ते सत्र, या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या पाहिजेत. त्या पानाची प्रत त्याच दिवशी जपून ठेवावी. काही विषयांना ऑनलाइन पद्धतीची परवानगीच नाही. विधी, औषधनिर्माणशास्त्र, वास्तुकला हे त्यांतले जुने विषय, तर जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे विषयही बंद झाले आहेत. जाहिरात करणारी खासगी कंपनी पदवी देत नाही, पदवी विद्यापीठ देते, हेही ध्यानात असू द्यावे. दूरध्वनीवरच्या समुपदेशकाचे ‘सगळीकडे चालते’ हे आश्वासन कोणत्याही छाननी समितीपुढे उपयोगी पडत नाही.

यानंतर गुण. २०२२ च्या पीएचडी विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमिलेअर इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या पात्रतेत तर ५४.९ चे ५५ करून घेतले जात नाहीत. म्हणून पहिल्या सत्रात गुण घसरले असतील आणि विद्यापीठात श्रेणीसुधाराची सोय असेल, तर ती वेळेत वापरावी. गुणपत्रकावर फक्त श्रेणीअंक असतील तर ते टक्केवारीत रूपांतरित केल्याचे प्रमाणपत्र विद्यापीठाकडून आधीच मागवून घ्यावे; ते अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हाती येईल या भरवशावर राहू नये.

प्रवेश परीक्षेचा निम्मा भाग संशोधनपद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात संशोधनपद्धती ऐच्छिक असेल, तर दुसरा कोणताही सोपा पेपर न घेता तोच घ्यावा. विद्यापीठाच्या स्वतःच्या पीएचडी प्रवेश परीक्षेपेक्षा (‘पेट’) नेटचा रस्ता मला अधिक सोयीचा वाटतो, कारण जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात: केवळ पीएचडीसाठी पात्र ठरलेल्या उमेदवाराच्या लेखी गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि ते गुण एक वर्ष वैध राहतात. शिवाय, तुमची पदवी कोणत्या पद्धतीची आहे हे नेटची गुणपत्रिका सांगत नाही.

आता खरा अवघड भाग. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडी विद्यार्थी घेता येतात. सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. जागा अशा मोजक्या असताना मार्गदर्शक साहजिकच ओळखीच्या, वर्गात पाहिलेल्या विद्यार्थ्याकडे झुकतो, आणि ऑनलाइन शिकलेल्याला कोणी पाहिलेलेच नसते. ही उणीव लेखनाने भरून काढावी लागते. अभ्यासक्रमात लघुप्रबंधाचा पर्याय असेल तर तो सोडू नये. तो नसेल तर आपल्या विषयातला एक छोटा प्रश्न घेऊन (उदाहरणार्थ, आपल्या तालुक्यातील एका पतसंस्थेची दहा वर्षांची थकबाकी) वीस-पंचवीस पानांचा निबंध संदर्भांसह लिहावा. मग विद्यापीठाच्या रिक्त जागांची यादी पाहून, ज्यांचे किमान दोन लेख आपण खरोखर वाचले आहेत अशा तीन-चार मार्गदर्शकांनाच एका पानाचा संशोधन आराखडा पाठवावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवल्यास तो लगेच ओळखू येतो. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासूनही दूर राहावे. मुलाखतीत असा लेख पुढे केल्यास उलटेच प्रश्न येतात.

नोकरदारांना अर्धवेळ पीएचडीची मुभा आहे, पण त्यासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात गरजेनुसार कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या अभ्यासविषयांच्या वर्गांसाठी, मोकळीक देण्याचा उल्लेख असावा लागतो. पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन झाले म्हणून पीएचडीही घरबसल्या होईल असे समजू नये. भारतात ऑनलाइन वा दूरस्थ पद्धतीने पीएचडी देण्यास बंदी आहे, आणि परदेशी विद्यापीठांच्या नावाने खासगी कंपन्या विकत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असा इशारा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्येच दिला आहे.

अमेरिकेत अर्ज करणार असाल तर तेथे भर शिफारसपत्रांवर असतो. जॉर्जिया टेकच्या २०१४ मध्ये सुरू झालेल्या संगणकशास्त्राच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमासारखे कार्यक्रम दर्जेदार असले तरी त्यांचा भर अभ्यासविषयांवर असतो. शेकडोंच्या वर्गातल्या प्राध्यापकाकडून ‘उत्तम गुण मिळवले’ यापलीकडे काही लिहून मिळणे कठीण, म्हणून निदान एका सत्रात त्यांच्या संशोधनगटाचे एखादे काम मागून घ्यावे.