गुणवत्ता पाहून क्लाउड सेवा निवडण्याचं मॉडेल करताय? मी जिथे फसलो ते वाचा

एम. टेक.च्या दुसऱ्या वर्षी गेम थिअरी (एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित) वापरून क्लाउड पुरवठादार निवडायचा विषय घेतला आणि अख्खं एक सेमिस्टर चुकीच्या मॉडेलमागे घालवलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. नॅश समतोल (एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) वगैरे तुम्हाला येतं असं धरतो.

टॉप्सिस किंवा एएचपी या अनेक निकषांवर पर्याय तोलायच्या पद्धतींनी क्रमवारी लावली की गेम थिअरी झाली, असं समजू नका. तिथे पुरवठादार डाव खेळतच नाहीत. डब्ल्यूएस-ड्रीम या सेवांच्या गुणवत्तेच्या डेटासेटमध्ये ३३९ वापरकर्ते आणि ५,८२५ वेब सेवांच्या मोजण्या आहेत. उपयोगी आहेत, पण ते आकडे तुमचा निवडीचा नियम बघून बदलत नाहीत. खरा पुरवठादार बदलतो.

आता माझी चूक. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांच्या १९६१ च्या पेपरमधला दुसऱ्या किमतीचा लिलाव (जिंकणाऱ्याची किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून ठरते तो) मी उचलला. गुण म्हणजे गुणवत्ता वजा किंमत, आणि जिंकणाऱ्याला इतके पैसे द्यायचे की त्याचे गुण दुसऱ्या क्रमांकाएवढे होतील. मग 'सगळे खरं बोलतील' असं लिहून मोकळा झालो. ते किमतीपुरतं खरं होतं. गुणवत्ताही पुरवठादारच सांगतोय, हे सुटलंच.

गुणवत्ता रुपयांत धरा. 'अ'ची ७०, खर्च ५०, गुण २०. 'ब'ची ६०, खर्च ४५, गुण १५. दोघे खरं बोलले तर 'अ' जिंकतो, त्याला ७० वजा १५ म्हणजे ५५ मिळतात आणि आपल्या पदरी १५ उरतात. आता 'ब'ने ६० ऐवजी ८० सांगितली. गुण ३५. तो जिंकला आणि ८० वजा २०, म्हणजे ६० रुपये घेऊन गेला. त्याला १५ नफा. आपण ६० ची सेवा ६० ला घेतली, हाती शून्य.

पैसे सेवा झाल्यावर, मोजलेल्या गुणवत्तेवर द्या. मग 'ब'ला ६० वजा २०, म्हणजे ४० मिळतात; खर्च ४५, तोटा ५. खरं बोलणाऱ्या 'अ'ला तेच ५५. निसान आणि रोनेन यांच्या १९९९ च्या कामात पडताळणीसह मेकॅनिझम (खरं वागणंच फायद्याचं ठरावं असे नियम) आहे, ते मुळातून वाचा.

हे मला माझ्या गाइडनी नाही, अर्थशास्त्राच्या एका मॅडमनी दहा मिनिटांत दाखवलं. गाइड फक्त कोड कुठवर आला ते विचारायचे. माझं ठाम मत आहे, या विषयात अर्थशास्त्र विभागाचा एक माणूस हवाच. आणि गिटहबवरचं तयार सिम्युलेशन पहिल्या महिन्यात उघडूच नका. दोन पुरवठादारांचं गणित आधी हाताने सोडवा.

उशिरा लक्षात आलं तरी घाबरू नका. माझा निम्मा कोड तसाच वापरता आला, बदलला तो पैसे द्यायचा नियम. फक्त एकाच मोजणीवर पैसे कापू नका. नेटवर्क मंद असलं की प्रामाणिक पुरवठादारही त्यात भरडला जातो. वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेळी मोजा आणि सरासरी घ्या. एक्सटर्नलनी (बाहेरच्या परीक्षकांनी) मला सगळ्यात जास्त प्रश्न यावरच विचारले.