अर्ध्या तासाच्या आतला उन्हाळा

दोन वर्षांपूर्वी सुट्टीच्या पहिल्याच रविवारी आम्ही सगळे तलावावर गेलो. सगळे म्हणजे मी, नवरा, सासूबाई, तेव्हा नऊ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांचा धाकटा. सामान भरता भरता अकरा वाजले. पोचलो तर सावलीतली बाकं केव्हाच गेलेली. टोप्या घरी राहिल्या होत्या, पाणी पाऊण तासात संपलं आणि परतताना धाकट्यानं गाडीत ओकारी केली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, सूर्याला विचारून निघायचं होतंस." रागानं नाही म्हणाल्या, पण मला लागलं.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. उन्हाळ्यात जायचं ते घरापासून पायी अर्ध्या तासाच्या आत, आणि जाताना एकच काम घेऊन जायचं. 'फिरायला चला' म्हटलं की मुलं दहाव्या मिनिटाला "आता काय?" विचारतात. 'मुंग्यांचं घर शोधायला चला' म्हटलं की तासभर प्रश्न येत नाही.

सूर्याला विचारायचं ते सावलीकडे बघून. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य 45 अंशांच्या खाली असतो. तोवर खुशाल भटका. सावली उंचीएवढी झाली की मागे फिरायचं आणि ती फार आखूड व्हायच्या आत घर गाठायचं, कारण त्यानंतर कातडी भाजणारे अतिनील किरण जोरात असतात. मोजायला पट्टी लागत नाही. माणसाची उंची त्याच्याच पावलांत साधारण साडेसहा-सात भरते. धाकट्याला हे सांगितलं तर तो टाचेला अंगठा लावत सावलीच्या डोक्याकडे निघाला, आणि डोकं पुढे पळालं! दोन मिनिटं तो सावलीचा पाठलाग करत होता आणि आम्ही हसत होतो. शेवटी थोरलीनं सावलीच्या टोकाशी खडा ठेवला, मग मोजणी झाली. ही मोजणी आता रोज तीच दोघं करतात, त्यामुळे "चला आता घरी" हे मला म्हणावं लागत नाही. सावली म्हणते.

संध्याकाळी मात्र सावली फसवते. ती लांब झालेली असते, पण दिवसभर तापलेली जमीन आणि भिंती उष्णता सोडत असतात. हाताची मागची बाजू रस्त्याला पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर अजून अर्धा तास घरातच बसा.

सकाळी कुठे जायचं? माझं मत जरा हट्टी आहे: रोज त्याच झाडाखाली. नवी जागा म्हटली की मोठ्यांना हुरूप येतो, मुलांना ओळखीची जागा जास्त आवडते असा माझा अनुभव आहे. आमचं झाड चालत बारा मिनिटांवर आहे. तिथे पहिला आठवडा मुंग्यांचा गेला. रांग चालू असताना तिच्यावर ओलं बोट आडवं फिरवायचं आणि बघत बसायचं. मुंग्या मागे सोडलेल्या वासाच्या खुणेवर चालतात. खूण पुसली की पुढची मुंगी तिथेच थबकते, मागे वळते, पुन्हा येते, आणि थोड्या वेळात दोन्हीकडे गर्दी होते. मग एखादी ओलांडून जाते आणि हळूहळू रांग पुन्हा जुळते. किती वेळात जुळते हे मुलांनी घड्याळ लावून मोजायचं. मुंग्या मारायच्या नाहीत, बिळात पाणी ओतायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात थोरलीनं विचारलं, की पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, मग खाली पडणारे उन्हाचे ठिपके गोल कसे? मला उत्तर येत नव्हतं, घरी जाऊन वाचलं. ते ठिपके म्हणजे सूर्याची चित्रं असतात. फट पुरेशी लहान असली की तिच्यातून सूर्याची प्रतिमा जमिनीवर उमटते, फटीचा आकार नाही. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे दिसतात. यातूनच आमच्या दुपारची सोय झाली.

दुपारी बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत आणायचं. ज्या खिडकीतून समोर लख्ख ऊन पडलेलं काहीतरी दिसतं, झाड, भिंत, रस्ता, अशी एक खोली निवडा. खिडकी जाड पुठ्ठ्यानं पूर्ण बंद करा आणि कडांना चिकटपट्टी लावा. दाराखालच्या फटीत टॉवेल सारा. मग पुठ्ठ्यात साधारण एक सेंटीमीटरचं भोक पाडा आणि समोर दीड-दोन मीटरवर पांढरी चादर टांगा. आता पाच-दहा मिनिटं नुसतं बसायचं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही, आणि इथेच मुलं कंटाळून दार उघडतात. आमच्याकडे सासूबाईंनी तेवढ्या वेळात गोष्ट सांगितली.

मग चादरीवर हळूहळू रस्ता आला. रंगीत, हलता आणि उलटा. झाड खाली डोकं वर पाय, आकाश तळाशी. एक सायकलवाला चादरीच्या वरच्या कडेनं डोकं खाली करून गेला, तर धाकटा ओरडला, "आजी, तो पडेल!" प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून झाडाच्या शेंड्याकडून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो आणि बुंध्याकडचा वर चढतो. डावं-उजवंही तसंच उलटतं. इब्न अल-हैथम या विद्वानानं साधारण हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत असेच प्रयोग करून प्रकाशाविषयी लिहून ठेवलंय.

फसगत कुठे होते तेही सांगते. चित्र अंधूक पण रेखीव असेल तर चादर भोकाच्या जवळ आणा, म्हणजे ते लहान आणि उजळ होतं. धूसर असेल तर भोक मोठं झालंय. त्यावर लहान भोकाचा पातळ पुठ्ठा चिकटवा. खोली बंद असल्यानं उकडतं, पंखा लावावा तर चादर फडफडते आणि सगळा रस्ता लाटांवर डोलतो. आम्ही चादरीच्या खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून वजन दिलं. आकाशात ढग आले की सिनेमा बंद. आणि भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही, ही एक गोष्ट मी रोज सांगते, रोज.

पाण्याकाठी जाणार असाल तर थोडक्यात: मोठ्यांपैकी एकानं फोन न धरता फक्त मुलांकडे बघायचं, दर पंधरा मिनिटांनी पाळी बदलायची. लहान मूल हाताच्या अंतरावरच हवं. बुडणारं मूल ओरडतंच असं नाही, बरेचदा गुपचूप बुडतं. उभ्या गाडीत मुलांना 'दोनच मिनिटं' म्हणूनही सोडू नका. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

ऊन लागल्याची पहिली खूण आमच्याकडे चिडचिड ही आहे. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायात गोळे हे पुढचं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओल्या कापडानं पुसून वारा घाला, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या. मूल असंबद्ध बोलायला लागलं किंवा बेशुद्ध झालं तर अंग गार करत करत सरळ दवाखाना. तहान लागेपर्यंत थांबू नका. निघताना एकदा, पोचल्यावर एकदा, परतताना एकदा, असं पाण्याचं आमच्याकडे ठरलेलं आहे.

संध्याकाळी आभाळ भरून आलं तर वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा. तेवढ्या किलोमीटरवर वीज आहे. तीस सेकंद किंवा कमी भरले तर झाडाखाली नाही, घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर.

रात्रीची फेरी मला सगळ्यांत आवडते, कारण तिला तयारी लागत नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि पुढे रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा. तेव्हा पौर्णिमेची संध्याकाळ धरा. क्षितिजावर तो ताटाएवढा वाटतो. हात लांब करून करंगळी त्याच्यासमोर धरा, अख्खा झाकला जातो. दोन-तीन तासांनी वर आल्यावर पुन्हा धरा, करंगळी तेवढीच पुरते. चंद्र लहान झालेलाच नसतो. धाकट्याला हे पटलेलं नाही. त्याच्या मते करंगळी वाढते.

अमावास्येच्या आसपास तारे. उत्तर गोलार्धात उन्हाळ्याच्या सुरुवातीला सप्तर्षी रात्री उंच असतात. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून एक फिकी ठिणगी, ती अरुंधती. मागच्या वर्षी गच्चीवर चटई टाकून मी दोघांना ती दाखवत होते. धाकटा लगेच म्हणाला, "दिसली." थोरली गप्प. "मला एकच दिसतोय." मी म्हटलं, नीट बघ. मग म्हटलं, रोखून बघ. तिसऱ्यांदा म्हणताना माझाच आवाज खाली आला. लांबून फळा दिसत नाही असं ती कधी बोलली नव्हती. पुढच्या बाकावर बसायची.

डोळे तपासले तर नंबर निघाला. चष्मा आला त्या रात्री ढग होते, दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री ती जेवण अर्धवट टाकून वर पळाली आणि आम्ही जिन्यात असतानाच वरून हाक आली, "आई, आहे की गं ती!"