काचेच्या विटांच्या खिडकीतून उन्हाची उष्णता किती आत येते, ते कसे मोजावे

लक्समीटर इथे उपयोगाचा नाही. तो डोळ्यांना दिसणारा उजेड तेवढा मोजतो, आणि उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांत असते. पायरॅनोमीटर, म्हणजे उन्हातली ऊर्जा दर चौरस मीटरमागे वॉटमध्ये मोजणारे यंत्र हवे, तेही शक्यतो थर्मोपाइलचे (काळा पृष्ठभाग उन्हाने किती तापतो त्यावरून मोजणारे). सिलिकॉन सेन्सरचे स्वस्त मिळते, पण जाड काचेतून गाळून आलेल्या उन्हात त्याचा आकडा चुकू शकतो.

१. निरभ्र दिवस निवडा. खिडकीवर निदान तासभर थेट ऊन पडू द्या, कारण जाड काच तापायला वेळ घेते. आतल्या आणि बाहेरच्या हवेचे तापमान जवळपास सारखे असेल तेव्हाच मोजा, नाहीतर हवेतल्या फरकामुळे येणारी उष्णताही हिशेबात मिसळेल.

२. बाहेर पायरॅनोमीटर खिडकीला समांतर, उभा धरा. गच्चीवर आडवा ठेवून घेतलेला आकडा चालणार नाही.

३. आता आत या. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते. विटांच्या लहरी आणि नक्षी ऊन कुठे एकवटतात, कुठे पसरवतात, त्यामुळे बोटभर अंतरावर आकडा बदलतो. एका जागचे माप घेऊन थांबू नका. काचेजवळ, खिडकीकडे तोंड करून, समान अंतरावर अनेक जागी मोजा, सिमेंटच्या सांध्यांसमोरही. सगळ्यांची सरासरी काढा आणि लगेच बाहेरचे माप पुन्हा घ्या. ते बदललेले असेल तर सगळे नव्याने करा.

४. तापलेली काच स्वतःही खोलीत उष्णता सोडते. पायरॅनोमीटरला ती दिसत नाही, म्हणून बहुतेक जण ती विसरतात. इन्फ्रारेड थर्मामीटर काचेवर सरळ रोखून आतल्या पृष्ठभागाचे तापमान घ्या. सांध्यांचेही घ्या: १९० मिमीची वीट आणि १० मिमीचा सांधा असेल तर सांधे साधारण १० टक्के जागा व्यापतात, तेवढेच वजन त्यांना द्या.

५. पृष्ठभाग आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकाला ८ ने गुणा. ही दर चौरस मीटरमागची वॉटमधली उष्णता, ढोबळ पण कामापुरती. समजा बाहेर ६००, आत सरासरी २७० वॉट, काच ३७ अंश, हवा २९ अंश. ८ × ८ = ६४; २७० + ६४ = ३३४; भागिले ६०० म्हणजे ०.५६. पडणाऱ्या उन्हातला निम्म्याहून थोडा जास्त भाग आत येतो.

सूर्य वर चढला की काच जास्त ऊन परतवते आणि हा आकडा उतरतो. म्हणून त्याच्याशेजारी मोजल्याची वेळ आणि तारीख लिहा, आणि सकाळ-दुपारची मापे वेगवेगळी ठेवा.