घरच्या कॉम्प्युटरवर फोटो ठेवायचे, तर आधी एवढं करा

गूगलची १५ जीबी भरली म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, फोन आणि कॉम्प्युटरवरची फोल्डरं एकसारखी ठेवणारं (म्हणजेच सिंक करणारं) सिंकथिंग बसवलं, घरातले चार फोन जोडले आणि पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदशेकणीचे फोटो कायमचे घालवले. पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणारी आजी, आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणताना वशिंडावर टेकलेला तिचा हात. पुढचा पोळा तिनं पाहिला नाही.

झालं असं, की फोन भरला होता. कॉम्प्युटरवर आलेतच, म्हणून फोनमधले उडवले. सिंकनं तिकडचेही उडवले. फोन 'सेंड ओन्ली', म्हणजे फक्त पाठवणारा, असा ठेवला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण तसं ठेवलं तरी फोनवरचं डिलीट पलीकडे पोचतंच.

म्हणून बाकी काही करा न करा, एक वेगळी हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढा, कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क चालणार नाही. सिंक म्हणजे बॅकअप नाही. शिवाय सिंकथिंगमध्ये कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला फाइल व्हर्जनिंग लावा. ते मुळात बंद असतं. लावलं की दुसरीकडून उडवलेली फाइल तिथल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहते. माझं बंद होतं.

चेहऱ्यांवरून फोटो शोधायचे असतील तर इमिच घ्या, म्हणजे घरच्याच कॉम्प्युटरवर चालणारं गूगल फोटोजसारखं सॉफ्टवेअर, पण रॅम ८ जीबी असू द्या. फोनमधून फोटो उडवला तरी इमिचवरचा राहतो, हे चांगलं. ते रोज रात्री डेटाबेसची प्रतही काढतं. त्या प्रतीत फोटो नसतात, फक्त त्यांची माहिती असते! फोटोंचं फोल्डर वेगळं कॉपी करावंच लागतं. कुठे? त्याच कपाटातल्या डिस्कवर.

लाइनचं तुम्हाला सांगायला नको. डेटाबेस लिहीत असताना लाइन गेली तर तो बिघडू शकतो, म्हणून लहानसा यूपीएस लावा आणि लाइन आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल अशी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सेटिंग करा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा टिनाखालच्या खोलीत मशीन ठेवू नका, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोर तर मुळीच नको.

गावाबाहेरून फोटो पाहायचे असतील तर टेलस्केल, म्हणजे आपला फोन आणि घरचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून खाजगीत जोडणारं अ‍ॅप. सिमवरच्या नेटला बहुतेकदा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता) मिळत नाही, आणि राउटरचं पोर्ट उघडायच्या भानगडीत पडूच नका. अँड्रॉइडवरचं सिंकथिंगचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता सिंकथिंग-फोर्क वापरा. त्या अ‍ॅपवरची बॅटरीची बंधनं काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की सिंक थांबतं. पासवर्ड वहीत लिहा, घरच्या आणखी एकाला दाखवा.

आणि फोनमधला एकही फोटो उडवण्याआधी कपाटातली डिस्क काढा, जोडा, त्यातले दहा-वीस फोटो उघडून पाहा. जुने उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. मग उडवा.